आधी ठेचावे, मग थांबावे, मग आंबट घालावे: लसणीतील ॲलिइन ओळखून स्वयंपाक करण्याची रीत

लग्नानंतर पहिल्यांदा एकटीने सोलकढी केली, तेव्हा मी लसणीच्या चार पाकळ्या बारीक चिरून थेट आगळाच्या, म्हणजे मीठ घालून टिकवलेल्या कोकमाच्या रसाच्या, वाडग्यात टाकल्या, नारळाचे दूध काढेपर्यंत त्या तशाच भिजू दिल्या आणि मग दोन्ही एकत्र केले. कढीचा रंग सुरेख आला, आंबटपणा जमला, मीठही बरोबर होते. पण लसणीचा झणका मात्र कुठेच नव्हता. आत्याने एक घोट घेतला आणि म्हणाली, "अगो, लसूण घातलीस ना? मग ती बोलत का नाही?" तिच्या हातची सोलकढी मी लहानपणापासून पीत आले होते. लसूण तितकीच, आगळ त्याच बरणीतले, नारळ त्याच माडाचा, आणि तरी चवीत एवढा फरक. या प्रश्नाचे उत्तर मला पुढे रसायनशास्त्र शिकवताना मिळाले, आणि ते स्वयंपाकघरात इतके उपयोगी पडले की ते सविस्तर लिहून ठेवावे असे फार दिवसांपासून मनात होते.

उत्तर एका वाक्यात सांगता येते. लसणीचा तिखटपणा लसणीत नसतो. ती कापली, ठेचली किंवा चावली गेली की त्या क्षणी तो तयार होतो, आणि ज्या पदार्थापासून तो तयार होतो त्याचे नाव ॲलिइन. म्हणून किती लसूण घातली यापेक्षा ती कोणत्या क्रमाने घातली, याला जास्त महत्त्व आहे.

ॲलिइन म्हणजे काय, हे आधी थोडे नीट पाहू, कारण पुढच्या सगळ्या सूचना त्यावरच उभ्या आहेत. सिस्टीन हे गंधकयुक्त अमायनो आम्ल आहे. आपल्या केसांच्या आणि नखांच्या प्रथिनांतही ते असते. या सिस्टीनच्या गंधकाला तीन कार्बनांचा ॲलिल नावाचा गट जोडलेला आहे आणि त्याच गंधकावर एक ऑक्सिजन बसलेला आहे, अशी रचना डोळ्यांसमोर आणली की ॲलिइन तयार झाले. त्याचे पूर्ण रासायनिक नाव एस-ॲलिल-एल-सिस्टीन सल्फॉक्साइड. शुद्ध स्वरूपात ते पांढरे, स्फटिकरूप आणि वासरहित असते. ॲलिल हा शब्दच मुळात लसणीचा आहे: थेओडोर व्हेर्टहाइम या रसायनशास्त्रज्ञाने १८४४ साली लसणीच्या तेलाचा अभ्यास करताना, लसणीच्या ॲलियम या लॅटिन नावावरून तो घडवला. ॲलिइनपासून होणारा झणझणीत पदार्थ, म्हणजे ॲलिसिन, चेस्टर कॅव्हॅलिटो आणि जॉन हेज बेली यांनी अमेरिकेत १९४४ साली वेगळा केला. आणि त्याचा मूळ पदार्थ असलेले ॲलिइन स्वित्झर्लंडमधील बाझल येथे आर्थर स्टोल आणि एवाल्ड झेबेक यांनी १९४७-४८ च्या सुमारास शोधून काढले. आधी मूल सापडले आणि मग आई, असा हा उलटा प्रवास आहे. ॲलिइन आणि ॲलिसिन ही नावे सारखी वाटत असल्याने वाचताना घोटाळा होतो. ॲलिइन हे मुके आणि ॲलिसिन हे बोलणारे, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

अखंड पाकळीत ॲलिइन एका कप्प्यात असते, आणि त्याचे ॲलिसिनमध्ये रूपांतर करणारे ॲलिइनेज नावाचे विकर (एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन) दुसऱ्या कप्प्यात, पेशींमधील रसधानीत, कोंडलेले असते. दोघांची गाठ पडत नाही म्हणून सोललेल्या, पण कुठेही न दुखावलेल्या पाकळीला फारसा वास येत नाही. वरवंटा पडला की कप्पे फुटतात, विकर ॲलिइनला भेटते आणि काही सेकंदांतच काम सुरू होते. ॲलिइनच्या दोन रेणूंपासून ॲलिसिनचा एक रेणू बनतो आणि सोबत पायरुव्हिक आम्ल व अमोनिया सुटतात. ताज्या लसणीच्या एका ग्रॅममध्ये ॲलिइन साधारण १० मिलिग्रॅमच्या आसपास असते, जातीनुसार आणि जमिनीनुसार कमी-जास्त. त्यातले सगळे रूपांतरित झाले तर त्यापासून सुमारे साडेचार मिलिग्रॅम ॲलिसिन मिळेल. एवढ्याशा पदार्थाने सगळे घर दरवळते, यावरून त्याची ताकद कळते.

आता स्वयंपाक करणाऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की हे विकर नाजूक आहे आणि त्याचे दोन शत्रू आहेत, आच आणि आंबटपणा. उकळत्या पाण्यात किंवा कडकडीत तेलात ते थोड्याच वेळात कायमचे निकामी होते. अख्खी लसूण मायक्रोवेव्हमध्ये ६० सेकंद तापवली तरी विकराचे काम थांबते, आणि ठेचून १० मिनिटे ठेवल्यावर तापवली तर लसणीचे गुण पूर्णपणे जात नाहीत, असे अमेरिकेतील एका अभ्यासात २००१ साली दाखवले गेले. आंबटपणाचेही तसेच. पीएच हे आंबटपणाचे माप, आणि ते जितके कमी तितका पदार्थ आंबट; तो ३.५ च्या खाली गेला की विकर जवळजवळ थांबते, आणि आपले आगळ त्याच्याही बरेच खाली असते. मी आगळात चिरून टाकलेल्या लसणीचे नेमके हेच झाले होते: कापलेल्या पृष्ठभागावर जे काही क्षणभर तयार झाले तेवढेच, बाकीचे ॲलिइन तसेच मुके राहिले.

यावर विश्वास बसत नसेल तर घरी करून पाहावे. दहा-पंधरा मिनिटांचे काम आहे. एकाच गड्ड्यातल्या सारख्या आकाराच्या सहा पाकळ्या सोलून घ्याव्यात आणि सोलताना सुरी आत लागू देऊ नये. दोन पाकळ्या न कापता उकळत्या पाण्यात सात-आठ मिनिटे ठेवून गार कराव्यात. आता तीन वाट्या मांडाव्यात. पहिल्या वाटीत दोन कच्च्या पाकळ्या ठेचाव्यात, दुसरीत उकडलेल्या दोन ठेचाव्यात आणि तिसरीत दोन चमचे आगळ घेऊन त्या आगळातच उरलेल्या दोन पाकळ्या चुरडाव्यात. पाच मिनिटांनी एकेक वाटी नाकाशी न्यावी. पहिल्या वाटीने डोळ्यांत पाणी येईल. दुसरीला उकडलेल्या बटाट्यासारखा गोडसर, मऊ वास असेल. तिसरीत कोकमाचा वास पुढे आणि लसणीचा कुठेतरी मागे असेल. पुढे ठेचलेली उकडलेली लसूण कितीही वेळ ठेवली तरी ती उग्र होत नाही, कारण ॲलिइन शिल्लक आहे पण त्याला फोडणारे कोणी उरलेले नाही. माझ्या विद्यार्थ्यांना विकर म्हणजे काय हे मी शेवटी याच तीन वाट्यांनी शिकवू लागले, आणि फळ्यावरच्या आकृतीपेक्षा ते जास्त टिकले.

सोलकढी

चार माणसांच्या सोलकढीसाठी एक मोठा नारळ, लसणीच्या तीन-चार पाकळ्या, एक हिरवी मिरची, पाव चमचा जिरे, तीन-चार मोठे चमचे आगळ आणि कोथिंबीर लागते. सगळ्यात आधी लसूण, मिरची आणि जिरे चिमूटभर मिठाबरोबर खलबत्त्यात अगदी बारीक ठेचून घ्यावे. पेशी जितक्या जास्त फुटतील तितके ॲलिइन विकराला भेटेल. म्हणून सुरीने चिरण्यापेक्षा ठेचणे बरे, आणि ठेचण्यापेक्षाही पाट्यावर वाटणे बरे. हे वाटण झाकून बाजूला ठेवावे आणि मग नारळ फोडून विळीवर खोवायला बसावे. आत्याचा क्रम हाच होता. ती लसूण आधी वाटायची आणि नारळ नंतर खोवायची. मला लहानपणी वाटायचे की हात लसणीच्या वासाचे झाल्यावर खोबऱ्याला का लावायचे? पण खोवण्यात जी आठ-दहा मिनिटे जातात, तीच लसणीला हवी असतात.

मग खोबरे आणि लसणीचे वाटण एकत्र करून कोमट पाण्यात वाटावे आणि कापडातून घट्ट पिळून पहिले व दुसरे दूध काढावे. पाणी कोमटच हवे. कढत पाणी घातले तर जे विकर अजून काम करत आहे तेही जाते आणि नारळाच्या दुधाचा ताजा वासही बिघडतो. दूध गाळून झाल्यावर आगळ घालावे. आगळात आधीच भरपूर मीठ असते, म्हणून चव घेतल्याशिवाय वरचे मीठ घालू नये. आगळाऐवजी आमसुले वापरायची असतील तर ती वेगळ्या वाटीत कोमट पाण्यात भिजवून कुस्करावीत आणि ते पाणी शेवटी गाळून घालावे. आमसुले थेट लसणीच्या वाटणात वाटली तर पुन्हा माझीच पहिली चूक होईल. शेवटी आंबट घातल्यावर आधी तयार झालेले ॲलिसिन लगेच नाहीसे होत नाही. आम्लाने थांबते ते विकर. म्हणून सोलकढीतला झणका पंगत उठेपर्यंत टिकतो, मात्र दुसऱ्या दिवशी तो उतरलेला असतो, आणि रात्रीची सोलकढी सकाळी पिणाऱ्याने तशी अपेक्षाही ठेवू नये.

मासे मुरवताना हाच नियम आहे आणि तिथे तो सर्रास मोडला जातो. बांगड्याला किंवा सुरमईच्या तुकड्यांना हळद, मीठ, आगळ आणि लसणीची गोळी सगळे एकदम चोळण्याऐवजी, लसूण-मिरची-कोथिंबिरीची ताजी गोळी वाटून दहा मिनिटे ठेवावी, ती माशाला चोळावी आणि आगळ त्यानंतर लावावे. तळताना ॲलिसिन फार टिकणार नाही हे खरे आहे. पण ते मोडून जे इतर गंधकयुक्त पदार्थ तयार होतात, त्यांचाच खमंगपणा आपल्याला तळलेल्या माशाच्या कडांवर हवा असतो, आणि मुळात ॲलिसिनच झाले नाही तर तेही होत नाहीत.

फोडणी आणि कुळथाची पिठी

फोडणीत लसणीचे काय होते हे समजले की पदार्थाला हवी तशी लसूण निवडता येते. अख्खी किंवा नुसती चपटी केलेली पाकळी तेलात टाकली की विकर लवकर मरते, म्हणून ती लसूण गोडसर, मवाळ होते आणि खाताना दाताखाली मऊ लागते. वरण-भाताबरोबर मला तीच आवडते. ठेचून थांबवलेली लसूण तेलात टाकली तर तयार झालेले ॲलिसिन उष्णतेने मोडते आणि डायॲलिल डायसल्फाइड, डायॲलिल ट्रायसल्फाइड यांसारखे पदार्थ तयार होतात. लांबवरून "आज कुणाकडे लसणीची फोडणी आहे" हे जे कळते, ते यांच्यामुळे.

कुळथाची पिठी ही माझ्या मते लसणीची खरी परीक्षा आहे, कारण त्यात लपायला जागा नाही: पीठ, पाणी, मिरची, आमसूल आणि लसूण, एवढेच. सहा-सात पाकळ्या जाडसर ठेचाव्यात आणि कुळथाचे पीठ गार पाण्यात गुठळी न राहता कालवून होईपर्यंत त्या तशाच राहू द्याव्यात. तेल मध्यम तापवून त्यात मोहरी, हिंग आणि मग लसूण घालावी, आणि पाकळीच्या कडा तांबूस होऊ लागल्या की लगेच पाणी ओतावे. कडा काळ्या झाल्या तर पिठी कडवट होते आणि ते कशानेही झाकता येत नाही. पाण्याला उकळी आल्यावर कालवलेले पीठ सोडून सतत ढवळावे आणि आमसुले पिठी दाट झाल्यावर शेवटी घालावीत. आमच्याकडे ताटात वाढण्यापूर्वी एक कच्ची पाकळी बारीक ठेचून, पाच मिनिटे ठेवून, आच बंद केल्यावर पिठीत ढवळतात. फोडणीतल्या लसणीची चव आणि कच्च्या लसणीची चव या दोन वेगळ्या चवी आहेत, आणि पावसाळ्यातल्या संध्याकाळी भाताबरोबर दोन्ही एकत्र मिळणे हे मोठे सुख आहे.

बाजारात तयार मिळणारी आले-लसणीची पेस्ट सोयीची असते, पण तिच्यात विकराचे काम केव्हाच होऊन गेलेले असते आणि ॲलिसिन दिवसागणिक मोडत असते. तिच्यात टिकण्यासाठी बहुधा आम्लही घातलेले असते. ज्या पदार्थाला लसणीचा फक्त आधार हवा आहे तिथे ती चालेल. सोलकढीत, ठेच्यात किंवा सुक्या जवळ्याच्या चटणीत ती वापरू नये.

लोणचे हिरवे पडले तर

लिंबाच्या रसातले लसणीचे लोणचे आठवड्याभरात हिरवट-निळे पडले म्हणून अख्खी बरणी ओतून देणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, आणि प्रत्येक वेळी जीव हळहळला आहे. ती बुरशी नसते. लसणीत ॲलिइनचे एक भावंड असते, आयसोॲलिइन. लसूण बराच काळ थंडीत, म्हणजे शीतगृहात किंवा फ्रिजमध्ये, राहिली की ते वाढते. अशी लसूण चिरून आम्लात टाकली की त्यापासून झालेले पदार्थ लसणीतल्या इतर अमायनो आम्लांशी संयोग पावून निळे-हिरवे रंगद्रव्य बनवतात. चीनच्या उत्तर भागात तर असे हिरवे लोणचे मुद्दाम केले जाते. खायला ते सुरक्षित आहे. रंग नको असेल तर लोणच्याची लसूण आणल्यावर ती दोन-तीन आठवडे कोरड्या, उबदार जागी टांगून ठेवावी आणि मगच सोलावी. पाकळ्या आधी वाफवून घेतल्या तरी रंग येत नाही, पण विकर मेल्याने झणकाही जातो. तो सौदा मला मान्य नाही. लोणच्यावर लव दिसली, पाकळी बुळबुळीत झाली किंवा वास आंबूस-कुजका आला, तर मात्र ते टाकूनच द्यावे.

एका बाबतीत मी फार कडक आहे. सोललेली किंवा ठेचलेली कच्ची लसूण तेलात बुडवून ओट्यावर ठेवण्याची रीत हल्ली पसरते आहे. ती धोक्याची आहे. तेलाखाली हवा नसते, लसणीला आम्ल नसते, आणि मातीतून आलेले क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जीवाणूचे बीजाणू नेमक्या अशाच जागी वाढून प्राणघातक विष तयार करतात. त्या विषाने तेलाचा रंग, वास किंवा चव बदलेलच असे नाही. कॅनडातील व्हँकुव्हर येथे १९८५ साली अशा तेलातल्या लसणीमुळे अनेकांना विषबाधा झाली होती. आपल्या किनाऱ्यावरच्या उकाड्यात तर हे करूच नये. करायचेच असेल तर थोडे करावे, पहिल्या दिवसापासून फ्रिजमध्ये ठेवावे आणि चार दिवसांत संपवावे. ॲलिसिनमध्ये जंतू मारण्याची ताकद आहे, मग लसूण स्वतःला का राखणार नाही, असा प्रश्न मला विचारला जातो. त्याचे उत्तर असे की अख्ख्या पाकळीत ॲलिसिन नसते आणि ठेचलेल्या पाकळीतले काही दिवसांत मोडून जाते.

अलिबागचा पांढरा कांदा

लसणीचा विषय निघाला की कांदा मागे राहत नाही. कांद्यात ॲलिइन जवळपास नसते; त्याच्या जागी आयसोॲलिइन मुख्य असते. कांद्यातील डोळ्यांना झोंबणाऱ्या पदार्थाचा हा मूळ स्रोत फिनलंडचे आर्तुरी विर्तानेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ च्या सुमारास ओळखला. कांदा कापल्यावर आयसोॲलिइन फुटते आणि आणखी एक विकर त्यातून डोळे चुरचुरवणारा वायू बनवते. हे दुसरे विकर २००२ साली जपानी संशोधकांनी शोधले. तोपर्यंत डोळ्यांतल्या पाण्याला एकटे ॲलिइनेजच जबाबदार आहे असे मानले जात होते. कांदा चिरण्याआधी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवला तर वायू कमी उडतो, आणि सुरीला चांगली धार असली तर पेशी कमी चिरडतात; उपाय म्हणून हे दोनच मला खरे वाटतात.

अलिबाग तालुक्यातील कार्ले, खंडाळे, नेहुली या भागांत पिकणाऱ्या पांढऱ्या कांद्याला २०२२ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तो गोड आहे आणि डोळ्यांना त्रास देत नाही, याचे एक कारण तिथल्या जमिनीत गंधक कमी आहे, असे मानांकनाच्या वेळी सांगितले गेले. रसायनशास्त्राच्या दृष्टीने हे पटण्यासारखे आहे, कारण मातीत गंधक जितके कमी, तितके आयसोॲलिइन घडवायला कच्चा माल कमी. भात कापल्यावर शेतात ज्या ओलीवर तो उभा राहतो ती ओल, आणि वाळलेल्या पातीच्या वेण्या घालून बांधलेल्या त्या माळा, हे सगळे मिळून तो कांदा होतो. वडखळच्या रस्त्यावर माळा लटकलेल्या दिसल्या की घेताना एक कांदा फोडून कच्चा चाखावा. तिखटपणा जिभेवर उशिरा आणि सौम्य यावा. पहिल्याच घासाला तो नाकात गेला तर तो पांढरा कांदा असेल, पण त्या मातीतला असेलच असे नाही.

हा कांदा फोडणीत वाया घालवू नये. त्याची चव कच्च्यातच आहे. तो जाड चकत्या करून, मीठ आणि थोडे ओले खोबरे घालून, कोशिंबीर म्हणून खावा. लिंबू पिळायचे तर ताटावर बसल्यावर पिळावे.

शरीराच्या दृष्टीने दोन-तीन गोष्टी

सकाळी अख्खी पाकळी पाण्याबरोबर गिळण्याची सवय अनेक घरांत आहे. गिळलेली पाकळी पोटात फुटेपर्यंत तिथल्या आम्लाने विकर थांबलेले असते, म्हणून लसूण खायचीच असेल तर ती चावून खावी किंवा ठेचून थोडा वेळ ठेवून जेवणात घ्यावी. ती औषध म्हणून खावी असे मी सांगणार नाही. तो वैद्याचा विषय आहे. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी किंवा शस्त्रक्रिया ठरलेल्यांनी कच्ची लसूण रोज भरपूर खात असल्याचे डॉक्टरांना अवश्य सांगावे. ठेचलेली कच्ची लसूण कातडीवर बांधू नये. तिने खरोखर भाजल्यासारखे फोड येतात, आणि तान्ह्या मुलांच्या बाबतीत तर हे अगदी टाळावे. घरातल्या कुत्र्या-मांजरांना लसूण-कांदा घातलेले उरलेले अन्न देऊ नये. गोठ्यातल्या गाईपुढे सडक्या कांद्यांचा ढीग टाकू नये, कारण या गंधकयुक्त पदार्थांमुळे जनावरांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि गुरे त्याला विशेष बळी पडतात.

पावसाळ्यात साठवण

आपल्याकडची बहुतेक लसूण घाटावरून येते आणि किनाऱ्यावर आल्यावर तिचा खरा शत्रू दमट हवा हा असतो. गड्डे विकत घेताना वरची साले कोरडी, करकरीत आणि पाकळ्या दाबून टणक असाव्यात. प्लास्टिकच्या पिशवीत ते दोन दिवससुद्धा ठेवू नयेत. जुन्या घरांत चुलीच्या वरच्या बाजूला लसणीच्या जुड्या टांगत, त्यात मोठे शहाणपण होते: तिथे ऊब होती, कोरडेपणा होता आणि धूर होता. आता चूल नसेल तर वारा खेळणाऱ्या, पण पावसाची झड न येणाऱ्या खिडकीजवळ जाळीच्या पिशवीत टांगावे आणि आठवड्यातून एकदा हाताने चाचपून मऊ पाकळ्या वेगळ्या काढाव्यात. एक सडकी पाकळी शेजारच्या चार घेऊन जाते. फ्रिजच्या गारठ्यात लसणीला कोंब फुटण्याची प्रेरणा मिळते, आणि वर सांगितलेले आयसोॲलिइनही वाढते, म्हणून अख्खे गड्डे फ्रिजमध्ये ठेवू नयेत.

लसूण वाळवून पूड करायची असेल तर ती एप्रिल-मेमध्येच करावी. पाकळ्या जाड चकत्यांत कापाव्यात, बारीक चिरू नयेत, कारण जितके काप जास्त तितके ॲलिइन वाळण्याआधीच खर्ची पडते. कडक उन्हात किंवा ६० अंशांखालच्या मंद उष्णतेत त्या कुडकुडीत वाळवून मग कुटाव्यात. अशा पुडीत ॲलिइन आणि विकर दोन्ही झोपलेले असतात. वापरताना पुडीवर चमचाभर साधे पाणी शिंपडून पाच मिनिटे ठेवले की वास उठतो. पूड कोरडीच गरम तेलात टाकली तर तो वास कधीच उठत नाही.

श्रावणापर्यंत काही पाकळ्यांना हिरवे कोंब आलेच, तर त्या फेकू नयेत. कुंडीत माती, शेणखत आणि थोडी रेती भरून टोक वर येईल अशा बेताने त्या दोन-तीन सेंटिमीटर खोल लावाव्यात. किनाऱ्यावरच्या उबदार हवेत गड्डा मोठा धरेल अशी आशा ठेवू नये, पण पात भरभर येते, आणि पातीतही ॲलिइन असतेच. खरी लागवड करायची असेल तर भात निघाल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, बाहेरच्या बाजूच्या मोठ्या, निरोगी पाकळ्या निवडून वाफ्यात साधारण १५ बाय १० सेंटिमीटर अंतरावर लावाव्यात. अमोनियम सल्फेटमधून किंवा सिंगल सुपर फॉस्फेटमधून मिळणारे गंधक लसणीला मानवते आणि तिचा झणका वाढवते. त्याच वाफ्याशेजारी पांढरा कांदा लावला असेल, तर त्याच्या ओळीत मात्र ही खते बेताने द्यावीत. पात पिवळी पडून वाकू लागली की पाणी तोडावे, आणि दोन-तीन आठवड्यांनी गड्डे पातीसकट उपटून सावलीत पसरावेत. त्यांची वेणी घालण्यासाठी पात अर्धवट वाळलेली असतानाच बसावे. पूर्ण वाळली की ती मोडते.